आमच्या गल्लीतली शबय

रेडिंग, इंग्लंड, रविवार
2 नोव्हेंबर 2025

प्रिय दिग्या,

सईचा हॅलोवीनचा फोटो टाकला, त्यावर तुझा ताबडतोब प्रश्न: "पोरीला भुताचे कपडे घालून दारोदार भीक मागायला पाठवतोस?" मेल्या, हे तू विचारतोस? शिमग्यात रस्त्यावर सुंभ आडवं धरून "शबय! शबय!" ओरडत पैसे मागायला आपल्याच हेडमास्तरांची लूना अडवणारा कोण होता? सरांनी आठ आणे दिले आणि सोमवारी वर्गात तुला बाकावर उभा केला. त्या आठ आण्यांतले दोन आणे मला अजून मिळायचेत.

तर आता नीट सांगतो, कारण मलाही हे हॅलोवीनचं प्रकरण समजायला बरीच वर्षं लागली.

आमची गल्ली तू व्हिडिओवर पाहिलीयस. लाल विटांची, भिंतीला भिंत लावलेली घरं, म्हणजे आपली चाळच, फक्त प्रत्येकाचा जिना घरात. पण चाळीत दारं उघडी असतात, इथे वर्षभर बंद. दार वाजलं तर पार्सलवाला. शेजाऱ्याशी बोलणं हवामान आणि कचऱ्याचे डबे यांपलीकडे जात नाही. त्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे करतात, मग साडेचार-पावणेपाचलाच सूर्य गुल. अशा काळोखात 31 तारखेला सहा वाजल्यापासून पोरांच्या झुंडी निघतात. सांगाडे, चेटकिणी, पांढरी चादर पांघरलेलं एखादं गरीब भूत. मागे चार पावलांवर आईबाप, हातात टॉर्च, कुणाच्या कडेवर झोपलेला एक छोटा वाघ.

नियम एकच, आणि तो कुठे लिहिलेला नसतो. दारात कोरलेला भोपळा पेटलेला असेल तर बेल वाजवून खाऊ मागायचा. नसेल तर गुपचूप पुढच्या घरी. ज्यांना नकोच असतं त्यांच्यासाठी पोलीसच दारावर चिकटवायला 'कृपया येऊ नका' असे कागद देतात. आमच्या दारात पहिली तीन वर्षं भोपळा नव्हता. सई जन्मलेली नव्हती, आणि मी पुढच्या खोलीतला दिवा घालवून मागे स्वयंपाकघरात बसायचो. वसुली करणाऱ्यापासून लपल्यासारखा. बायकोला, नेहाला, त्याचीच जास्त लाज वाटायची.

शेजारच्या केनचं मत तुझ्यासारखंच आहे. वय अठ्ठ्याहत्तर, जन्म याच गल्लीतला. "हे अमेरिकन खूळ," तो दरवर्षी कुंपणावरून मला ऐकवतो, "आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं." इंग्लंडपुरतं त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) हे शब्द अमेरिका-कॅनडाकडचेच, आणि इंग्लंडात ही चाल पसरली ती 1980 नंतर, तिकडचे सिनेमे आणि मालिका पाहून. सुरुवातीला लोक वैतागले, कारण मोठी पोरं खाऊ मिळाला नाही तर दारावर अंडी फेकायची. अजूनही काही दुकानांत त्या आठवड्यात लहान पोरांना अंडी आणि मैदा विकत नाहीत.

पण मी या देशात पहिल्यांदा उतरलो तो डंडीला, 2006 साली. स्कॉटलंडात ही गोष्ट अमेरिकेच्याही आधीची. तिथे तिला 'गायझिंग' म्हणतात, वेषांतर म्हणजे 'डिसगाइज', त्यातलं. आमच्या घरमालकीणबाई दार उघडून कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. पोरांनी आधी काहीतरी करून दाखवायचं, गाणं, कविता, निदान एक विनोद. मग मूठभर शेंगदाणे, एक संत्रं. फुकट काही नाही. बाईंच्या लहानपणी भोपळासुद्धा नव्हता, सलगम कोरायचे. दगडासारखं कडक, चमच्याने खरवडून खरवडून मनगट दुखायचं आणि मेणबत्ती लावली की करपलेल्या सलगमाचा वास घरभर. आयर्लंडातही हेच. तिथली आणि स्कॉटलंडची माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली, तिथे त्यांना मऊ, भलामोठा भोपळा सापडला, आणि शंभर-दीडशे वर्षांनी तोच सण प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून परत आला. आपल्याकडून गेलेली मिरी परदेशी डबीत घालून आपल्यालाच विकावी, तसं.

हे मी केनला एकदा सांगितलं. तो म्हणाला, "स्कॉटलंडचं स्कॉटलंडला."

मग मी त्याला विचारलं, तुम्ही काय करायचात? आणि म्हातारा खुलला. 5 नोव्हेंबर हा त्यांचा सण. 1605 साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी पार्लमेंटच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपं रचून राजासकट सगळं उडवून द्यायचा घाट घातला होता, तो फसला. राजा वाचला म्हणून दरवर्षी त्या दिवशी चर्चमध्ये आभार मानायचे, असा कायदाच केला, आणि तो 1859 पर्यंत होता. कायदा गेला, होळी राहिली. केन आणि त्याचा भाऊ बापाच्या जुन्या पँटमध्ये पेंढा भरून बुजगावणं करायचे, धाकट्या बहिणीच्या बाबागाडीत बसवायचे आणि स्टेशनबाहेर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, 'पेनी फॉर द गाय', म्हणजे या गाय फॉक्ससाठी एक पेनी द्या. जमलेल्या पेन्यांचे फटाके. 5 तारखेच्या रात्री बुजगावणं आगीत.

मी म्हटलं, "केन, म्हणजे भीकच की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सरांनी तुझ्याकडे पाहिलं होतं. "आम्ही निदान बाहुला बनवायचो!"

दिग्या, त्याचा मुद्दा खोटा नाही रे. 1997 पासून इथे 18 वर्षांखालच्यांना फटाके विकत नाहीत, मग पेन्या जमवून करायचं काय? आता शोभेची दारू मैदानात, तिकीट काढून, दोरीच्या अलीकडे उभं राहून पाहायची. पोरांना स्वतः करण्यासारखं काही उरलं नाही. पोरांची गल्लीतून फिरायची हौस मात्र तशीच होती, ती पाच दिवस अलीकडे सरकली. मला तरी हे असं दिसतं.

केनचं ते वाक्य मनात राहिलं म्हणून यंदा मी डंडीच्या बाईंची नक्कल करायची ठरवली. दार उघडायचं, टोपली मागे धरायची आणि विचारायचं, "आधी एक विनोद." पहिल्या टोळीने एकमेकांकडे पाहिलं. एक चिमुरडा सांगाडा मान वर करून म्हणाला, "का?" मला उत्तर सुचेना. टोपली पुढे केली. दुसऱ्या टोळीतली एक दात पडलेली चेटकीण मात्र तयारीची निघाली. "सांगाडा पार्टीला का गेला नाही? कारण ही हॅड नो बॉडी टू गो विथ!" आणि स्वतःच इतकी हसली की टोपी माझ्या दारात पडली. अर्ध्या तासात बातमी गल्लीभर. पुढची पोरं गेटपासूनच विनोद पाठ करत यायला लागली. बहुतेकांचा तोच, सांगाड्याचा. मी सत्तावीस वेळा हसलो.

खाऊचं शास्त्र वेगळंच. गेल्या वर्षी 31 ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती, म्हणून मी उत्साहाने घरच्या करंज्या ठेवल्या. एकाही पोराने हात लावला नाही. आया गोड हसून "सो काइंड" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. घरी केलेलं, सुटं, कशात काजू-बदाम आहेत कोण जाणे, असलं कुणी घेत नाही. वेष्टनातलंच हवं, त्यावर छापलेलं हवं. शिवाय त्या लवचिक गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं, बहुतेक वेळा डुकराचं. रात्री सई सगळी लूट चटईवर ओतते आणि आम्ही चौघं कोर्ट भरवतो: हे शाकाहारी, हे नाही, हे पलीकडच्या पोलिश मुलाला. काही मुसलमान शेजारी पोरांना पाठवतच नाहीत, चर्चला जाणारी काही कुटुंबंही नाही. चर्चमध्ये त्या संध्याकाळी 'लाइट पार्टी' असते, भुतांऐवजी दिवे आणि खेळ. कुणी कुणाला काही बोलत नाही, दारात भोपळा नाही एवढंच.

वेशावरून घरात भांडण झालं. मी म्हटलं, सगळेच सांगाडे, तू देवचार हो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, गावाची वेस राखतो, चुकलेल्याला घरी सोडतो. सईने विचारलं, "तो घाबरवतो का?" म्हटलं, नीट वागलीस तर नाही. "मग तो भूत कसला, तो तर सिक्युरिटी." झाली सांगाडाच.

खरं सांगू? बाजार मलाही बोचतो. सप्टेंबर संपला की दुकानांत प्लास्टिकच्या कवट्या, आणि 1 तारखेला सकाळी त्या अर्ध्या किमतीत, शेजारी नाताळचा माल. पण 2020 साली कोविडमुळे कुणी कुणाच्या दारी जायचं नव्हतं, तेव्हा लोकांनी खिडक्यांत भोपळ्यांची चित्रं लावली आणि पोरं रस्त्यावरून ती मोजत फिरली. त्यासाठी गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्या ग्रुपमुळे मला कळलं की समोरच्या बाई नर्स आहेत आणि 41 नंबरवाला तबला वाजवतो. सहा वर्षं मी त्यांच्यासमोर राहत होतो.

केनने परवाही दिवा लावला नाही. पण शनिवारी कुंपणावरून विचारलं, "सत्तावीस वेळा का रे तो विनोद?" म्हणजे खिडकीमागे बसून मोजत होता.

आता कामाचं. तीन भोपळे कोरले, त्यांचा गर फेकवेना, म्हणून काल घारगे करायला घेतले. हा कोरायचा भोपळा नुसता पाण्याचा, चव ना रंग. गूळ घातला तसा गोळा पातळ होत गेला, मग कणीक, मग आणखी कणीक. तळल्यावर केनला दोन दिले, तो म्हणाला चहाबरोबर बरे आहेत, म्हणजे वाईट झाले होते. काकूंना विचार, गर आधी परतून आटवायचा का, आणि किती वेळ. लवकर कळव, अजून दोन किलो फ्रीजमध्ये आहे आणि दारातल्या एकाचा गाल खारीने खाल्लाय.

तुझा,
बंड्या

ता. क. दोन आणे विसरलेलो नाही.