गाडी बदलायचं गाव

चिपळूण, १८ जानेवारी

चि. मनवा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस की ईस्टरच्या सुट्टीत ॲमस्टरडॅमचं ठरतंय. जा की. पण लीड्समध्ये तीन वर्षं काढून यॉर्क तू गाडी बदलण्यापुरतंच पाहिलंस, हे काही मला पटत नाही. अर्ध्या तासाचाही रस्ता नाही. गेल्या एप्रिलात तू ऑफिसला गेलीस की आम्ही दोघं डबा घेऊन निघायचो, त्यातले तीन दिवस यॉर्कलाच गेले. तुला वाटलं, म्हाताऱ्यांना दुसरीकडे जायचं सुचत नाही.

स्टेशनबाहेर आलं की समोरच गावाचा तट दिसतो. त्याच्या उतारावर पिवळे डॅफोडिल्स इतके फुललेले की आई तिथेच बसली. तटावर चढायला तिकीट नाही. साधारण ३.४ किलोमीटर चालता येतं, पण आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. आई माझी बाही धरून चालत होती आणि खाली लोकांच्या परसात काय वाळत घातलंय तेही बघत होती. अंधार पडायच्या आत वेशी बंद करतात, म्हणून सकाळीच चढ.

वेशीला तिथे ‘बार’ म्हणतात आणि रस्त्याला ‘गेट’. हा ‘गेट’ व्हायकिंगांचा शब्द. त्यांनी ८६६ साली हे गाव घेतलं, राज्य गेलं आणि रस्त्यांची नावं राहिली. कॉपरगेट असा फलक दिसल्यावर मी आईला ऐटीत सांगितलं, ‘ही यांची तांबट आळी!’ सपशेल चूक. तांब्याचा संबंधच नाही. लाकडी पेले कातणाऱ्या कारागिरांची ती आळी. तिथे खोदकाम झालं तेव्हा कातकामाचे लाकडी तुकडेसुद्धा जमिनीत शाबूत मिळाले, कारण माती ओली होती, हवा लागली नव्हती. हे कळल्यावर आई दिवसभर मला ‘तांबट’ म्हणत होती.

शॅम्बल्स ही खाटकांची गल्ली. १८७२ साली त्या एवढ्याशा बोळात २५ दुकानं होती. आता चॉकलेटं आणि भेटवस्तू विकतात, गर्दी नको होते. पण मान वर कर. वरचे मजले पुढे झुकलेत, काही ठिकाणी समोरासमोरच्या खिडक्यांतून मीठ मागता येईल. मांसावर ऊन येऊ नये हाही त्याचा एक उपयोग. खिडक्यांखाली मांस मांडायच्या रुंद फळ्या आणि वर टांगायचे आकडे अजून आहेत. मी एक आकडा हाताने चाचपून पाहिला, गार आणि गुळगुळीत.

मिन्स्टरबद्दल, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चबद्दल, लिहीत नाही, टेनिस कोर्टाएवढी रंगीत काचांची खिडकी पत्रात काय मावणार? आणि हो, तुझं लाडकं किटकॅट १९३५ साली याच गावात जन्माला आलं.

गरम झऱ्यांच्या बाथ गावाचं मात्र वाईट वाटतं. टूरवाल्याने दीड तास दिला, त्यातला पाऊण तास रांगेत. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तिथलं पाणी ४६ अंशांचं, आपल्या तुरळच्या कुंडासारखं वाफाळतं. रोमन काळात तिथे सुलिस मिनर्व्हा देवीचं स्थान होतं. कुणाचं काही चोरीला गेलं की शिशा-कथलाच्या पातळ पत्र्यावर देवीला तक्रार कोरायची, पत्रा गुंडाळायचा आणि झऱ्यात टाकायचा. असे सुमारे १३० पत्रे सापडलेत. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले, तर चोराची बुद्धी आणि डोळे जावोत असं त्याने मागितलंय. दोन हातमोज्यांसाठी डोळे! आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, तस्संच. फक्त आपला गुरव मोठ्याने बोलतो, यांनी लिहून ठेवलं. तुझा आजा तिथे असता तर नारळाच्या प्रत्येक चोरासाठी एकेक पत्रा टाकला असता. बाथला जाशील तेव्हा एक रात्र राहा. संध्याकाळी आमच्यासारख्या बसा निघून गेल्या की गाव गाववाल्यांचं होत असेल.

ॲमस्टरडॅमहून परत आलीस आणि सुट्टीचा एखादा दिवस उरला तर यॉर्कला जा. डबा घेऊन जा, तिथलं सँडविच महाग आणि कोरडं.

आईचा एक हातमोजा तुझ्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे. दुसरा बहुतेक तटावर पडला. चोरीला गेलेला नाही, म्हणून देवीला सांगता येत नाही. जमलं तर मिकलगेटच्या बाजूला नजर टाक, राखाडी रंगाचा आहे.

तुझे,
बाबा