शाळेतल्या लिंबावरच्या अळ्या राहू द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्याच्या तोंडावर शाळा उघडल्या की ठाण्यात जागोजागी वृक्षारोपण होते, चित्रकला स्पर्धा होतात आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर भूतदयेचे सुविचार लिहिले जातात. सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हे तर १९७६च्या घटनादुरुस्तीपासून नागरिकांचे मूलभूत कर्तव्यच आहे आणि बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच ते छापलेलेही असते. ते मुलांना पाठ असते. पण त्याच मुलांच्या बाकावर एखादा किडा चढला, तर तो चपलेखाली जातो. मुले निर्दय असतात म्हणून असे घडत नाही. ज्याच्याकडे कधी निरखून पाहिलेले नाही, ज्याची कधी निगा राखलेली नाही, त्याच्याविषयी आदर वाटावा तरी कुठून?

प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षे शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की जीवमात्रांविषयीचा आदर सांगून येत नाही, तो जिवंत वस्तुपाठातून येतो आणि त्यासाठी वर्गाबाहेरच्या कठड्यावर ठेवलेली लिंबाची किंवा कढीपत्त्याची एक कुंडी पुरते. पावसाळ्यात अशा झाडावर लिंबाचे फुलपाखरू बहुधा आपणहून येते आणि कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, पिवळसर अंडे घालून जाते. तीन-चार दिवसांत बाहेर पडणारी अळी आधी काळपट-पांढरी, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते; मोठी झाली की हिरवीगार होऊन पानात मिसळून जाते. तिला काडीने हळूच स्पर्श केला, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. हे पाहून मुले दचकून मागे सरतात आणि लगेच पुन्हा पुढे वाकतात. बोटाच्या पेराएवढ्या या जिवालाही आपला जीव वाचवायचा आहे, हे त्यानंतर निराळे समजावून द्यावे लागत नाही.

खरा धडा मात्र पुढे आहे. फुलपाखराची वाट पाहत बसलेल्या वर्गाला एखाद्या सकाळी कोश तपकिरी पडलेला दिसतो आणि त्याला पडलेल्या बारीक छिद्रातून माशीहूनही लहान, गांधीलमाशीचे दूरचे भाईबंद असलेले कीटक बाहेर येतात. त्यांच्या आईने कोशातच अंडी घातलेली असतात. मुलांना राग येतो, रडू येते, त्या कीटकांना चिरडून टाकावेसे वाटते. अशा वेळी शिक्षकाने घाईने तात्पर्य सांगू नये, असे मला कळकळीने वाटते. सुंदर पंखांच्या जिवाबद्दल प्रेम वाटणे सोपे आहे. त्या पंखांचा घास घेणाऱ्यालाही जगायचे आहे, हा विचार मुलांच्या मनात मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ त्यांना मिळालाच पाहिजे.

यात एक पथ्य आहे, ते म्हणजे शिकवण्यासाठी जीव घ्यायचा नाही. विज्ञान प्रदर्शनासाठी अळ्या बाटलीत कोंडून आणायच्या आणि त्या मेल्या की बाटली फेकून द्यायची, किंवा जुलैत समारंभाने लावलेली रोपे मे महिन्यात पाण्यावाचून वाळू द्यायची, हाही वस्तुपाठच असतो. त्यातून मुले नेमके उलटे शिकतात. एका शाळेत तर मुले रोज निरखत असलेल्या झाडावर सुट्टीच्या दिवशी ‘कीड लागली’ म्हणून फवारणी झालेली मी पाहिली आहे. अळीने पाने कुरतडली तरी बरे वाढलेले लिंबाचे झाड सहसा मरत नाही, ते पुन्हा फुटते. झाडाची काळजी घेणाऱ्या मावशींना आणि माळीदादांना या धड्यात पहिल्यापासून सामील करून घ्यायला हवे.

हा विचार काही बाहेरून आणलेला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा तो सारा भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. गुरे राखायला जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी थेट कुरणातच शाळा भरवली आणि भोवतालच्या पाना-बियांनाच शिकवण्याचे साहित्य केले.

शहरातही जागा कमी नाहीत. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळ्याला ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठी झाडे जोपासलेली आहेत. खाडी तर ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांच्या अंगणात आहे. ठाणे खाडीला २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पण मुलांनी फक्त दुरून गुलाबी पक्ष्यांचे फोटो काढून परत यावे, हे मला अपुरे वाटते. ओहोटीच्या वेळी काठावर उभे राहून चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या (लहान मासे) पाहाव्यात, तिवराच्या (खारफुटीच्या) पानावरून बोट फिरवून ते जिभेला लावावे म्हणजे झाड अंगातले मीठ कसे बाहेर टाकते ते कळेल आणि चिखलातून वर आलेली त्याची श्वसनमुळे तुडवायची का नाहीत, तेही ध्यानात येईल. कोळी-आगरी समाजातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ही खाडी ओळखतात. म्हणून सोबत त्यांच्यातले एखादे जाणते आजोबा असतील तर फारच उत्तम.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवलेली आहे. त्यातले दोन दिवस खाडीसाठी राखावेत आणि प्राथमिकच्या प्रत्येक वर्गाला एक कुंडी द्यावी, अशी माझी ठाणे व नवी मुंबई महानगरपालिकांच्या शिक्षण विभागांना विनंती आहे. या झाडांवर फवारणी करू नये, एवढी एक ओळ शाळांना जाणाऱ्या परिपत्रकात घातली, तर येत्या श्रावणातच सुरुवात करता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, नौपाडा, ठाणे