थंडीचे सगळे सांगतात, कोरडेपणाचे कोणी सांगत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की आपल्या पुरवणीत बर्फाळ मुलखांची छायाचित्रे झळकतात. पांढरीशुभ्र झाडे, लाल टोप्यांतली मुले, बर्फाचा माणूस. छायाचित्रे देखणी असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अशा ठिकाणी जाणाऱ्या वाचकाला त्यांचा काडीचा उपयोग होत नाही. मी स्वतः सध्या असाच पहिला हिवाळा काढते आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

निघण्यापूर्वी ज्याने त्याने थंडीची धास्ती घातली. थंडीला उत्तर असते हो! अंगालगत घाम टिपणारा थर (सुती नको, ओला झाला की वाळता वाळत नाही), मधे लोकर, वरून वारा अडवणारे जाकीट. एवढे केले की पहाटेच्या पाळीलाही निभते. छळतो तो घरातला कोरडेपणा, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

कारण शाळेच्या पुस्तकातलेच आहे. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते, उणे १० अंशांच्या हवेत जेमतेम दोन-सव्वादोन ग्रॅम. तीच बाहेरची हवा घरात येऊन हीटरने तापते, पण तिच्यातले बाष्प काही वाढत नाही. मग ओठ फुटतात, सकाळी घशाला कोरड पडलेली असते, नाक शिंकरले तर रुमालावर रक्ताची बारीक रेघ दिसते. दाराच्या मुठीला हात लावावा तर चटकन झटका बसतो.

हे सगळे मला आधी ओट्यापाशी कळले. पिठाला पाणी नेहमीपेक्षा जास्त लागते. कणकेचा गोळा उघडा ठेवून फोन घ्यायला गेले की परत येईतो वर साय धरलेली. बोटाने दाबली की ती चिरते आणि मऊ पीठ आतून डोकावते. तो पापुद्रा पुन्हा मळून घेतला तरी लाटताना त्याच्या कण्या हाताला लागत राहतात. आता ओले फडके घट्ट पिळून आधी गोळ्यावर टाकते, मग बाकीचे. दह्याची तऱ्हा वेगळी, त्याला ऊब हवी. रात्रभर बाहेर ठेवलेले दूध सकाळी जसेच्या तसे. शेजारच्या बाईंनी तोड सांगितली: भांडे ओव्हनमध्ये ठेवायचे, ओव्हन पेटवायचा नाही, नुसता आतला दिवा लावायचा. जुन्या धाटणीचा तापणारा दिवा असेल तर दही छान लागते, यीस्टचे पीठही फुगते. एलईडी असेल तर मात्र व्यर्थ!

कोरडेपणावर मला वाटले, पातेलीभर पाणी उकळत ठेवले की झाले. तेही फार करून चालत नाही. वाफ गार काचेवर जमते, कडाक्याच्या रात्री तिथेच गोठते, दिवसा वितळून चौकटीत मुरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. म्हणून भांड्यावर झाकण, आणि रांधून झाले की पाच मिनिटे खिडकी उघडी. दात वाजतात, पण ओल जाते.

एक गोष्ट मात्र ठळक छापावी अशी. हीटर बंद पडला म्हणून खोली तापवायला गॅसची शेगडी किंवा कोळशाची भट्टी घरात पेटवू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. या वायूची सूचना देणारा गजर प्रत्येक घरात हवाच, आणि भाड्याचे घर बघताना तो आधी विचारावा. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाची धार बारीक चालू ठेवणे आणि सिंकखालच्या कपाटाची दारे उघडी ठेवणे हेही असेच कोणीतरी सांगावे लागते. नाहीतर नळी गोठून फुटते.

रस्त्याबद्दल थोडक्यात. मिठाने बर्फ वितळते, पण उणे ९-१० अंशांच्या खाली साध्या मिठाचा जोर ओसरतो. डांबरावरचा बर्फाचा पारदर्शक थर नुसता ओलसर दिसतो. तिथे छोटी पावले टाकावीत, पाऊल सपाट टेकवावे, हात खिशाबाहेर ठेवावेत. बुटांवर मिठाची पांढरी पुटे चढतात, ती रोजच्या रोज पुसावीत.

आपल्या पुरवणीत अशा माहितीची चौकट हिवाळ्यापूर्वी, म्हणजे माणसे सामान बांधत असतानाच यावी, एवढीच विनंती. त्यासाठी हिमप्रदेशात राहणाऱ्या वाचकांकडून अनुभव मागवावेत. ओट्यापाशी रोज उभे राहणाऱ्यांकडून आधी. एका छायाचित्राची जागा त्याला पुरेल.

आपली,
एक नियमित वाचक