रस्त्याखालच्या काचेची ओळख आपल्या मुलांना आणि कारागिरांना व्हावी

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे केबलसाठी खोदलेल्या रस्त्यांविषयी सातत्याने तक्रारी छापून येत आहेत. चर नीट बुजवले जात नाहीत, पहिल्या पावसात माती खचते, वडगाव-येळ्ळूर बाजूच्या काळ्या मातीत दुचाकी घसरतात, हे सारे खरे आहे आणि त्या तक्रारींना माझे पूर्ण अनुमोदन आहे. मात्र ती पत्रे वाचताना एक गोष्ट मनाला लागून राहिली. त्या चरात नेमके काय पुरले जात आहे, याचा उल्लेख ‘नेटची वायर’ या दोन शब्दांपलीकडे कोणीही केलेला नव्हता. बेळगाव तालुक्यातील मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले. आपल्या भागातील शिकलेल्या माणसांनाही या प्रकाशतंतूची (ऑप्टिकल फायबरची) ओळख नसेल, तर त्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, असे मला मनापासून वाटते आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

त्या काळ्या केबलच्या आत तांब्याची तार नसते. असते ती काच, आणि तीही इतकी बारीक की तिची जाडी एका मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढीच भरते. या तंतूच्या मध्यभागी त्याहून कितीतरी बारीक, सुमारे ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा गाभा असतो आणि प्रकाश त्या गाभ्यातून जातो. गाभ्याभोवतीची काच किंचित वेगळ्या घडणीची असल्यामुळे तिरकस येणारा किरण बाहेर निसटत नाही, पुन्हा आत वळतो. दहावीच्या मुलांना हे आपण पूर्ण आंतरिक परावर्तन या नावाने शिकवतो. (इतक्या अरुंद गाभ्यात किरणाचे चित्र अपुरे पडते, तेथे प्रकाशाचा तरंग म्हणून विचार करावा लागतो, परंतु शाळेच्या वर्गात किरणापासूनच सुरुवात करणे योग्य.) मी दर वर्षी प्लास्टिकच्या बाटलीला खालच्या बाजूस भोक पाडून, वर्गात अंधार करून, मागून लेसर टॉर्चचा प्रकाश टाकून दाखवीत असे. पाण्याची धार वाकून बादलीत पडते आणि तिच्याबरोबर प्रकाशही वाकून बादलीत उतरतो. हा प्रयोग माझा नव्हे. जिनिव्हाचे डॅनियल कोलाडॉन यांनी पाण्याच्या धारेतला हाच प्रकाश दाखवून त्याविषयी १८४२ साली लिहिले होते. बाटली, पाणी आणि टॉर्च यांपलीकडे खर्च नसलेला हा प्रयोग आजही प्रत्येक शाळेत होऊ शकतो.

‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या आणि डेहराडूनच्या शाळेत शिकलेल्या नरिंदरसिंग कपानी यांना त्यांच्या शिक्षकांनी हेच वाक्य सांगितले होते आणि ते खोटे ठरवण्याची ईर्षा त्यांच्या मनात तेव्हापासूनच होती, असे ते स्वतः सांगत. पुढे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काम करताना त्यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून संपूर्ण चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन दाखवले. त्याविषयीचा त्यांचा लेख १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नावही १९६० साली त्यांच्याच लेखामुळे रूढ झाले. २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आपल्या मुलांना हे नाव माहीत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

तरीही त्या वेळची काच दूर अंतरासाठी निरुपयोगीच होती, कारण काही मीटरांतच प्रकाश मावळत असे. हा दोष काचेचा नसून काचेतल्या अशुद्धीचा आहे, हे १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिले आणि एक किलोमीटरनंतर निदान शंभरातला एक भाग प्रकाश उरला तरी दूरसंचाराचे काम होईल, असे गणित मांडले. चार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेतील कॉर्निंगच्या तिघा संशोधकांनी ती मर्यादा ओलांडली. आजच्या तंतूत १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो, म्हणजे बेळगावातून खानापूरच्या दिशेने निघालेला प्रकाश अर्ध्याहून अधिक वाट चालून गेला तरी निम्माच मंदावलेला असतो. काव यांना या कामासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दूरसंचाराबद्दल याहून अधिक लिहीत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक आहे आणि तेवढेच ठाऊक आहे, हीच तर माझी खंत आहे. हाच तंतू आपल्या भागात इतर किती ठिकाणी काम करतो, ते पाहावे. खानापूर, चंदगड, जांबोटीकडून पोटाच्या दुखण्यासाठी बेळगावला येणाऱ्या रुग्णाच्या घशातून जी नळी आत जाते, तिची वाट या तंतूनेच मोकळी केली. १९५७ साली अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी तंतूंची पहिली लवचिक नळी आधी स्वतःच्या घशातून उतरवून पाहिली आणि मगच ती रुग्णासाठी वापरली. आता चित्र टिपण्याचे काम नळीच्या टोकावरचा लहानसा कॅमेरा करतो, मात्र पोटात उजेड नेण्याचे काम अनेक नळ्यांत अजूनही काचतंतूच करतात. दोन वर्षांपूर्वी माझी स्वतःची तपासणी झाली, तेव्हा भीती घालवण्यासाठी मी मनातल्या मनात कपानींचा तो प्रयोग आठवत पडून राहिलो होतो. मूत्रमार्गातला खडा फोडण्यासाठी जो लेसर वापरतात, तोही केसासारख्या बारीक तंतूतूनच खड्यापर्यंत पोहोचतो. उद्यमबागेत पत्रा कापणाऱ्या यंत्रांवर ‘फायबर लेसर’ अशी अक्षरे असतात. तेथे तर तंतू ही प्रकाशाची केवळ वाट राहत नाही; इटर्बियम नावाचे मूलद्रव्य मिसळलेल्या त्या काचेतच लेसर तयार होतो.

लोंढ्याहून कॅसलरॉकच्या घाटाकडे जाणाऱ्या रेल्वेचा प्रवास आपण सारे करतो. देशभर रुळांच्या कडेने असे तंतू टाकलेले आहेत. तंतूवर ताण आला, तो तापला किंवा हादरला, तर त्यातून परत येणाऱ्या क्षीण प्रकाशात फरक पडतो आणि तो फरक कोणत्या मीटरवर पडला, हेही मोजता येते. या गुणामुळे जगात अनेक ठिकाणी धरणाच्या भिंतीतली झिरप, पुलाच्या तुळईवरचा ताण, डोंगरउताराची हालचाल आणि भूकंपाचे धक्केही तंतूच्या आधारे मोजले जातात. चोर्ला घाटात दर पावसाळ्यात दरड कोसळण्याच्या भीतीने जीव मुठीत धरून जाणाऱ्यांना या एका उपयोगाचे मोल वेगळे सांगायला नको.

विज्ञानातले एक उदाहरण मला विशेष प्रिय आहे. न्यू मेक्सिकोतील एका दुर्बिणीवर आकाशगंगांची नोंद करताना ॲल्युमिनियमच्या मोठ्या तबकडीला ६४० भोके पाडीत, प्रत्येक भोक आकाशातल्या एकेका ठरलेल्या बिंदूच्या जागी असे, आणि माणसे दिवसा हाताने एकेक तंतू त्या भोकांत खोवीत. रात्री प्रत्येक तंतू आपापल्या आकाशगंगेचा उजेड वेगळा करून वर्णपटमापकाकडे नेई. आता ॲरिझोनातील दुर्बिणीवर ५००० तंतू लहान यंत्रहातांनी जागेवर बसवले जातात. पण तंतू खोवणाऱ्या त्या माणसांविषयी वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शहापुरातला माग उभा राहिला. फणीतून एकेक धागा ओवीत बसलेली बाई मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आणि येथेच मला जे मुख्यतः सांगायचे आहे, ते येते. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणणारी घरे आहेत. आज त्यांपैकी अनेकांचे माग थांबले आहेत आणि मुले दुसऱ्या कामाला लागली आहेत. प्रकाशतंतू काचेचेच असतात असे नाही, ते प्लास्टिकचेही असतात, आणि प्लास्टिकचा तंतू सुती किंवा रेशमी ताण्यात बाण्यासारखा विणता येतो. विणताना तो जेथे बारीक वाकतो किंवा त्याचे वरचे आवरण जेथे मुद्दाम खरवडले जाते, तेथून प्रकाश कडेने झिरपतो आणि कापड उजळते. फ्रान्स-इटलीत जॅकार्ड (नक्षीदार कापड विणणाऱ्या) मागांवर असे कापड विणले गेले आहे. त्याचा उपयोग रंगमंचावर किंवा सजावटीतच होतो असे नाही. कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळा प्रकाश द्यावा लागतो. त्यासाठी तंतूंची मऊ गादी वापरली तर बाळाला पेटीत एकटे ठेवावे लागत नाही, आई त्याला छातीशी धरून बसू शकते. विणकामाचे इतके हळुवार काम दुसरे मला सुचत नाही. आपल्याकडे हात आहेत, माग आहेत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणे बेळगावातच असल्यामुळे अभियांत्रिकीची मुलेही आहेत. ही मुले दर वर्षी शेवटच्या सत्रात प्रकल्प करतात. त्यांतले दोन-चार प्रकल्प वडगावच्या मागावर, विणकराला बरोबरीचा भागीदार मानून आणि त्याच्या वेळेचा मोबदला देऊन व्हावेत, ही माझी पहिली विनंती आहे.

कलेचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरात ब्रूस मन्रो या कलावंताने २०१६ साली ५०,००० काड्यांवर तंतूंनी उजळणारे दिवे उभारले आणि रात्री ते वाळवंट फुललेल्या शेतासारखे दिसू लागले. वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रे आणि हस्तलिखिते दाखवताना दिवा दूर ठेवून तंतूने उजेड आणतात, कारण त्या उजेडाबरोबर उष्णता आणि अतिनील किरण फारसे येत नाहीत. बेळगावचा गणेशोत्सव देखाव्यांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मंडळांनी एखाद्या वर्षी हा तंतू हाती घ्यावा. एका दिव्यातून शेकडो टोके उजळतात आणि मूर्तीजवळ, कापडाच्या व कागदाच्या आरासीत, विजेची तार न्यावी लागत नाही. लहान मुले जेथे हात लावतात, तेथे हा मोठाच फायदा आहे.

दुसरी विनंती ग्रामपंचायती आणि केबल टाकणाऱ्या कंपन्या यांना आहे. ग्रामपंचायतींना तंतूने जोडण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली आणि आपल्या अनेक गावांत तंतू पंचायतीच्या दारापर्यंत येऊन पोहोचला आहे. गावात जोडकाम चालू असेल, तेव्हा शाळेच्या मुलांना तासभर तेथे नेण्याची परवानगी द्यावी. रात्री रस्त्याकडेला गाडीत बसून जॉइंटर, म्हणजे तंतू जोडणारा कारागीर, जे काम करतो, ते पाहण्यासारखे असते. तो तंतूचे आवरण सोलतो, टोक स्पिरिटने पुसतो, क्लीव्हर या कापणीच्या हत्याराने काटकोनात कापतो, स्प्लायसिंग मशीनमध्ये दोन टोके समोरासमोर आणतो आणि विजेच्या ठिणगीने काच वितळून एकजीव होते. मग ओटीडीआर (तंतूत प्रकाश सोडून, परतणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून अंतर मोजणारे यंत्र) लावून तो सांगतो की तार अमुक मीटरवर तुटली आहे, कारण तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो आणि १० किलोमीटर जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. हे गणित आठवीचा मुलगा पाटीवर करू शकेल. या कामाचे लहान मुदतीचे शिक्षण आयटीआयमध्ये मराठीत व कन्नडमध्ये मिळाले, तर आपल्या मुलांना हे काम गावाजवळच मिळू शकेल.

पालकांना एक कळकळीची सूचना करतो. रस्त्याकडेला पडलेले केबलचे तुकडे मुलांना उचलू देऊ नका, कारण काचेची कुसळे बोटात जातात आणि दिसत नसल्यामुळे काढणे कठीण होते. चालू तंतूच्या टोकात डोळा लावून कोणीही पाहू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे. शाळेत दाखवण्यासाठी प्लास्टिकचा तंतू पुरेसा आहे आणि तो सुरक्षित आहे.

माझ्याकडे असा २० मीटर तंतू, भोक पाडलेली ती बाटली आणि टॉर्च आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील कोणत्याही शाळेने, ती मराठी असो वा कन्नड, आपल्या कार्यालयामार्फत निरोप पाठवल्यास कोणत्याही शनिवारी सकाळी मी स्वखर्चाने येईन. वर्गाच्या खिडक्या झाकण्यासाठी चार चादरी आणि एक बादली पाणी शाळेने तयार ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
शहापूर, बेळगाव