जखम भरायला सात दिवस

महोदय,

रविवारच्या पुरवणीत टेबलावर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमविषयी (जिथे प्रत्येक जण एक कॅरेक्टर बनून गोष्ट पुढे नेतो) आलेला लेख मन लावून वाचला. या खेळाला मराठी वर्तमानपत्रात जागा मिळाली याचा फार आनंद झाला. एका सल्ल्यापाशी मात्र अडले. जादू कमी असलेलं जग हवं असेल तर मोठेमोठे स्पेल, म्हणजे जादूचे मंत्र, यादीतून खोडून टाका, म्हणजे झालं, असं त्यात नव्या गेम मास्टरांना, म्हणजे खेळ चालवणाऱ्यांना, सांगितलं आहे. मी अगदी हेच केलं होतं आणि आमचा खेळ चौथ्या बैठकीत बंद पडला. म्हणून हे पत्र.

मी परिचारिका आहे, सर्जिकल वॉर्डात. गेली आठ वर्षं माझा भाचा, भाची आणि त्यांचे तीन मित्र यांच्यासाठी गेम चालवते. आमची सुरुवात डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीपासून झाली. तिच्या 2014 च्या प्लेअर्स हँडबुकात 12 क्लास, म्हणजे कॅरेक्टरचे प्रकार, आहेत आणि त्यांतल्या 8 क्लासना मुळातच स्पेल येतात. उरतात बार्बेरियन, फायटर, मंक आणि रोग (Rogue, म्हणजे भुरटा चोर). म्हणजे मी यादीवर काट मारली तेव्हा पोरांनी हौसेने निवडलेल्या कॅरेक्टरवरच काट मारत होते. भाचीचा ड्रुइड, निसर्गाची जादू करणारा, तर निम्मासुद्धा उरला नाही. आधी सगळ्यांना सोबत बसवून कुठले क्लास या जगात शोभतील ते ठरवायला हवं होतं. ती चूक पूर्णपणे माझी.

पण त्याहून मोठी गोष्ट मला उशिरा कळली. त्या नियमांमधली सगळ्यात मोठी जादू स्पेलच्या यादीत नाहीच, ती झोपेच्या नियमात आहे. आठ तासांची एक लाँग रेस्ट घेतली की गेलेले सगळे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, परत. पोटावर भाल्याचा घाव घेऊन आडवा झालेला माणूस सकाळी ठणठणीत उठून चालू लागतो. पोटावरचे टाके काढायला आम्ही आठ-दहा दिवस थांबतो. पहिल्यांदा उठून बसताना पेशंट पलंगाची कड कशी घट्ट धरतो, ते मी रोज बघते. मला ती सकाळ पटेना.

त्याच वर्षीच्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या पुस्तकात, एक ऐच्छिक नियम आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांची, लाँग रेस्ट सात दिवसांची. तो लागू केला आणि पहिल्याच जखमेला भाच्याने विचारलं, "आत्या, सात दिवस राहायचं कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथल्या तिथे नदीकाठी नावाड्याचं खोपटं उभं केलं. मग नावाड्याला बायको आली, पाच अनोळखी हत्यारबंद माणसांना घरात घ्यायची तिची भीती आली, पाठलाग करणाऱ्यांना कळायला किती दिवस लागतील याचा हिशेब आला. महिनाभर वही घेऊन बसले असते तरी हे मला सुचलं नसतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली. एक स्पेल काढला की त्याचं काम आता कोण करणार, ते लिहायचं. गुडबेरी हा पहिल्याच लेव्हलचा स्पेल. त्यातून दहा फळं मिळतात आणि एका फळावर एका माणसाचा दिवस निघतो. तो काढला की शिधा कुणीतरी वाहून न्यायला हवा, म्हणजे खेचर हवं, खेचराला वाट हवी. मेलेल्याला उठवणारा रेझ डेड काढला की मेलेल्याचं काय करायचं, कुणाला कळवायचं, हे आलं.

लाइट हा तर फुकटातला स्पेल, वाटेल तितक्या वेळा टाकावा. तो काढल्यावर मशाली आल्या. मशाल तासभर जळते, तिचा लख्ख उजेड वीस फूट. मी काडेपेटीतल्या सहा काड्या टेबलावर मांडते आणि खेळातला तास सरला की एक उचलते. खाणीच्या बैठकीत दोन काड्या उरल्या तेव्हा पोरं आपोआप हळू आवाजात बोलायला लागली. तिसऱ्या फाट्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही.

तयार जग निवडायचं असेल तर त्याची प्रस्तावना वाचून भुलू नये. तिथे माणूस बरा कसा होतो, ते आधी बघावं. 1983 चं हार्न मला यासाठी आवडतं, त्यात जहागिरी आणि शेतंसुद्धा बारकाईने मांडली आहेत. 1985 च्या पेंड्रॅगनमध्ये खेळाडू सरदार असतात, दर वर्षाचा हिवाळा वेगळा खेळला जातो आणि कॅरेक्टर म्हातारं होत जातं. 1991 चं डार्क सन मी या यादीत धरणार नाही. तिथे जादूने आसपासची झाडं-पिकं मरतात, ही कल्पना जबरदस्त आहे, पण मनाच्या अद्भुत शक्ती तिथे मुबलक आहेत.

आणि जादू पार संपवूही नये. माझ्या जगात रक्त थांबवणारी एकच म्हातारी आहे. एकाचं रक्त थांबवलं की तिची नजर महिनाभर जाते. ती एकटी राहते, विहिरीपर्यंत दोर बांधून ठेवलाय. गेल्या महिन्यात भाच्याचं कॅरेक्टर मांडीला बाण लागून तिच्या दारात पडलं. आत्ताच तिची नजर परतली होती, परसात ती धान्य निवडत बसली होती. पोरं बराच वेळ काही बोलली नाहीत. मग भाची म्हणाली, "तिला नको विचारूया. बांधून ठेवू आणि थांबू सात दिवस." भाच्याने मान हलवली आणि फासे बाजूला सारले.

आपली नियमित वाचक,
एक परिचारिका