साखरेला ड्रग म्हणू नका, चमचे मोजून द्या

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

साखरेविरुद्ध मोहीम काढाल तेव्हा एक करा, तिला अमली पदार्थ म्हणू नका. मी काही साखर कारखान्याचा माणूस नाही. रात्री अकराला बिस्किटांचा डबा उघडून 'एकच' म्हणत सहा खाणाऱ्यांपैकी आहे. मात्र त्याच फळीवर साखरेचाही डबा असतो आणि त्यात चमचा घालावा असं कधी मनात आलेलं नाही. ओढ नुसत्या साखरेची असती, तर हात तिकडेच गेला असता.

ड्रगची ही तुलना मुख्यतः उंदरांवरून आली. प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरपाणी दिलं. ते त्यावर तुटून पडू लागले. अफूचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन हे औषध टोचल्यावर, अफू सुटल्यावर वाजावेत तसे त्यांचे दातही वाजले. पण ज्यांना साखरपाणी दिवसभर मोकळं होतं, ते उंदीर असे तुटून पडत नव्हते. म्हणजे अर्धी करामत उपासमारीची!

माणसांबाबत पुरावा फारच तोकडा आहे. मानसिक विकारांच्या डीएसएम-5 या 2013च्या सूचीत कॅफिन सोडल्यावरचा त्रास नोंदलेला आहे, साखरेचं व्यसन नाही. मी साखर सोडली तेव्हा दुसऱ्याच दिवशी डोकं ठणकायला लागलं. 'बघा, विड्रॉवल!' असं चार जणांना सांगूनही झालं. मागाहून लक्षात आलं, साखरेविना घशाखाली उतरेना म्हणून मी कॉफीही बंद केली होती.

म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. दात किडतात, वजन वाढतं, ते व्यसन नसतानाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या शिफारशीनुसार वरून घातलेली आणि मध, फळांच्या रसातली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांच्या आत हवी. 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, असेल तर आणखी बरं. कोलाच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्येच सुमारे 35 ग्रॅम असते.

'ड्रग' म्हटलं की खाणारा व्यसनी ठरतो आणि बनवणारा नामानिराळा राहतो. ब्रिटनने 2018 मध्ये 100 मिलीला 5 ग्रॅम किंवा जास्त साखर असलेल्या शीतपेयांवर कर लावला, तर कंपन्यांनी आधीच साखर कमी करायला घेतली.

तेव्हा पुड्याच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत 'साखर इतके चमचे' एवढं छापायला लावा. माझ्या बिस्किटांच्या पुड्यावर तो आकडा मागे, चिकटवलेल्या घडीखाली निघाला. मी वाचला तेव्हा पुडा संपला होता.

आपला,
एक गोडखाऊ नागरिक