पेटी सापडली नाही तर?

प्रिय वासंती,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जरा रागच आला. ‘आत्ताच्या काळातली प्रकरणं मी सरळ उलटते’ म्हणे! पण तू एकटी नाहीस. 1897 आणि आज असे दोन काळ आलटूनपालटून सांगणाऱ्या या कादंबरीवरून आमच्या भिशीतही जुंपली. एकीचं म्हणणं, ती आजची मुलगी कॉफी पीत आपलं रडगाणं गाते, ते मी कशाला वाचू? दुसरी म्हणाली, ती नसती तर मी सव्वाशे वर्षं मागे गेलेच नसते. मला दोघींचं पटलं, म्हणून दोघी माझ्यावर नाराज.

1897 चा, प्लेगच्या साथीचा भाग चांगला उतरलाय, यात वादच नाही. प्लेगचा अधिकारी रँड कसा मारला गेला हे पुण्यातल्या कुणालाही विचार, 22 जूनची रात्र आणि गणेशखिंडीचा रस्ता तोंडपाठ असतो. त्यामुळे उत्सुकता तिथे राहतच नाही, ती घरात आणावी लागते. म्हणून ते प्रकरण जमलंय : सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, प्लेगचे रोगी शोधायला घरझडतीला आळीत शिरलेत आणि सुनेने तापाने फणफणलेल्या दिराला कोठीघरात लपवलंय. सापडला तर तो इस्पितळात आणि बाकी घर गावाबाहेरच्या छावणीत. दार वाजतं, आणि पान उलटावं तर बिल्डरची मीटिंग! तिथे मीही पुस्तक आपटलं. ही लेखकाची लबाडी आहे, मालिकेत जाहिरातीच्या आधी करतात तशीच.

पण ती मीटिंग नंतर वाचलीस का? कार्पेट एरियावरून काका-पुतण्यांचं जे लागतं, ते इतकं अस्सल आहे की आमच्या शेजारच्या वाड्याचंच वाटलं. वाडा पडणार, त्याबरोबर कोठीघरही जाणार, आणि तिथे काय घडलं हे हिस्सा मागणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नाही. इथे आजचा काळ नुसता हमाली करत नाही, त्याचं स्वतःचं काही पणाला लागलंय. हा धागा लेखकाने धरून ठेवायला हवा होता. त्याऐवजी माळ्यावर पेटी सापडली.

माझं खरं भांडण त्या पेटीशी आहे. आत रोजनिशी, क्रमवार, वाळवीने न खाल्लेली, आणि हव्या त्या पानावर हवी ती कबुली! त्या काळी बाई रोजनिशी लिहीत असेल का, ही तुझी शंका मला तितकीशी पटत नाही. हुजूरपागा ही मुलींची शाळा 1884 ची, तेव्हा एखादी लिहीतही असेल. पण घरातल्या पुरुषांची पत्रं मोडी लिपीत आहेत आणि ही मुलगी ती एका दुपारी वाचून काढते. अगं, मी मोडीचा वर्ग केलाय. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नसतो, आणि लिहिणारा घाईत असला की विचारूच नकोस. पेशवे दफ्तरात रुमालामागून रुमाल, म्हणजे जुन्या कागदांची गाठोडी, सोडणारे लोक आयुष्य घालवतात, आणि हाती बहुतेक हिशेबच लागतात : तूप किती, भाडं किती, कुणाला काय दिलं. कोठीघरात कोण लपलं होतं हे कुणी जमाखर्चात मांडत नाही.

आणि मला नेमकं तेच वाचायचंय. आजच्या माणसाला थोडंसं कळावं, उरलेलं चुकीचं कळावं, आणि खरं काय ते आपल्याला, वाचणाऱ्यांना तेवढं माहीत असावं. दोन काळ शेजारी ठेवण्याचा हाच तर फायदा. पेटीने तो घालवला. मुलीला सगळंच कळलं, मग माझ्याकडे तिच्याहून जास्त काय उरलं?

मला विचारशील तर दुसरा काळ आजचा नकोच. 1961 घ्यावा. 12 जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा किती घरांतले कागद चिखलात गेले असतील! त्या सुनेची नात लगदा झालेल्या वह्या गच्चीवर वाळत घालतेय, चार-दोन ओळी लागतायत आणि त्यांवरून ती आजीबद्दल भलताच समज करून घेतेय. दिराला लपवलं, एवढंच कळलं तर एखादीला काय वाटेल, तूच सांग.

असं काही कुणी लिहिलंय का, म्हणून अप्पा बळवंत चौकात विचारून आले. पुस्तकांच्या दुकानदाराने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बाई, यात प्रेमकथा आहे का?” म्हटलं, नात तरी तसंच समजतेय.

तुझी,
मंगल